दोघांना एकच हार

भिंतीवर मी होतो. डोक्याला लाल पगडी, ओठावर झुबकेदार पांढरी मिशी, खांद्यावर उपरणं आणि चौकटीवरून खाली ओघळलेला ताज्या अबोलीचा हार. माझ्या शेजारी माझी बायको सलीमा. काचेवर दोघांच्याही कपाळाशी गंधाचे ओले ठिपके लावलेले, खाली पाटावर समई तेवत होती. तारकर्लीच्या त्या होमस्टेमध्ये मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो होतो. माझा पुतण्या शाहीद टुरिस्टांची गाडी चालवतो. मला मालवणात डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवून देवगडला परत नेताना कुणा पाहुण्याची विसरलेली बॅग द्यायला त्याने गाडी इथे वळवली, आणि वळताना मागचं चाक बसलं. तो पंक्चर काढायला चाक घेऊन कुणाच्या तरी टेम्पोतून मालवणात गेला आणि मी या घराच्या ओट्यावर उरलो. "हे आमचे पणजोबा आणि पणजी," घरची सून संचिता पाण्याचा तांब्या ठेवत मला म्हणाली. टुरिस्टांना सांगायची तिला सवय असावी, कारण हात जोडण्यापुरती ती थांबलीसुद्धा. मी हात जोडले. स्वतःलाच हात जोडायची माझी ही पहिली वेळ नव्हती. एका पिक्चरमध्ये मी जुळा भाऊ होतो.

पाणी प्यायचं विसरून मी उभा राहिलो तो मात्र सलीमामुळे. सात वर्षांत तो फोटो मी पाहिला नव्हता, आणि सलीमाला पाहून तीन वर्षं झाली होती. आमच्या घरात तिचा एकही फोटो नाही. आधारकार्डावर आहे म्हणा, पण त्यात एक बाई आहे एवढंच कळतं, ती माझी सासूही असू शकेल. सलीमा फोटो काढू द्यायची नाही. लग्नकार्यात कॅमेरा दिसला की ओढणी पुढे ओढून ती स्वयंपाकघरात जायची आणि तिथून मोठ्याने म्हणायची, घरात एक जण तोंड विकता तां पुरे. मी हसायचो, कारण ती खोटं बोलत नव्हती. त्रेचाळीस वर्षं मी तोंड विकलं. सगळे पिक्चर, मालिका, जाहिराती धरल्या तर साडेतीनशेच्या वर कामं भरतील. डॉक्टर झालो, जज्ज झालो, भटजी, पोस्टमन, दिवाणजी, हवालदार झालो. 'आता सगळं देवाच्या हातात आहे' हे वाक्य निदान चाळीस वेळा तरी बोललो असेन, आणि दर वेळी चष्मा काढून बोललो. देवगडचा गनी, म्हणजे मी, मात्र मला कुणी कधी करायला दिला नाही. एसटी स्टँडवर आजही माणसं माझ्याकडे बघत राहतात आणि म्हणतात, तुमका खंय तरी बगितलां हा. मग आठवत नाही म्हणून तीच ओशाळतात, आणि मीच त्यांची समजूत घालतो.

या सगळ्यात माझी खरी मातब्बरी कशात असेल तर मरण्यात. प्रेताचं काम सोपं वाटतं, पण करून बघा. पापणी हलता कामा नये, पोट वरखाली होता कामा नये, नाकावर माशी बसली तर तिचं समाधान होईपर्यंत बसू द्यायची. मी मेलो की मेलो. सेटवर नव्याने आलेल्या बायका खरोखर दचकायच्या, आणि मला आत कुठेतरी गुदगुल्या व्हायच्या. त्यातूनच ते तसबिरीचं काम आलं. मालिकेत नायकाचे आईवडील आधीच वारलेले असतात, त्यांचा फोटो दिवाणखान्यात लावायचा असतो. एकदा तासभर कॅमेऱ्यासमोर बसायचं, मग मालिका चालेल तेवढं मेलेलं राहायचं. त्या दिवशी आईचं काम करणारी बाई आलीच नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सलीमा दोनच दिवसांपूर्वी मुंबईला आली होती, आणि जोगेश्वरीच्या माझ्या खोलीत एकटीला करमत नाही म्हणून मी तिला स्टुडिओत घेऊन आलो होतो. सेट लावणारा माणूस तिच्याकडे बघून म्हणाला, चाचा, या बाईंनाच बसवू या की. मला वाटलं, आता ही पर्स उचलून निघणार. पण ती म्हणाली, "देवगडात कोण बगूचो नाय मा?" मी म्हटलं, मागे भिंतीवर पुसट दिसेल, मेलेल्या माणसांकडे कोण बघतं?

तिला नऊवारी नेसवली, नथ घातली. कपाळावर कुंकू लावताना तिने डोळे मिटून घेतले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. बहुतेक माफी मागितली असावी. मग एक डोळा उघडून माझ्या मिशीकडे बघितलं. डोळ्यांवर पडदा आलेला, तिला मी किती दिसत होतो कोण जाणे. फोटोवर बसतो की नाही हे बघायला सेटवाल्याने चंदनाचा हार आमच्या दोघांसमोर आडवा धरला, तर ही हळूच मला म्हणाली, "दोगांक एकच हार?" मी म्हटलं, दोन कशाला, एकाच चौकटीत तर आहोत. "बरां," ती म्हणाली, "म्हंजे एकट्या कोणाक जावक नको." त्याच क्षणी फोटो निघाला. म्हणून तिचे ओठ मिटलेले आहेत पण गाल फुगलेले आहेत. फोटोग्राफर कुरकुरला की आई हसतेय. सेटवाला म्हणाला, असू दे, समाधानाने गेली असेल.

आयुष्यात माझा एकही पिक्चर तिने बघितला नव्हता, पण ही मालिका ती रोज बघायची. डोळा बरा होऊन ती देवगडला परत गेली आणि दर संध्याकाळी साडेसातला टीव्हीसमोर बसू लागली. सून विचारायची, गोष्ट काय चाललीय? सलीमाला गोष्ट ठाऊकच नसायची. ती भिंत बघायची. आठ वाजता मला फोन यायचा. "आज आमी दिसलंवच नाय. तो जाडो मेलो मधी उबो रवलो." किंवा, "आज दोनदा दिसलंव. एकदा तर तुमच्या मिशीर माशी बसली होती." लग्नाच्या चाळीस वर्षांत आम्ही एकत्र काढलेले दिवस मोजले तर पाच-सहा वर्षंही भरणार नाहीत. बाकी ती देवगडला, मी मुंबईला. त्या अडीच वर्षांत मात्र आम्ही रोज एकत्र असायचो, मेलेले का होईना. मालिका संपली त्या रात्री तिने फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तां घर मोडतले काय ओ?" मी म्हटलं, ते घर नव्हतंच, फळ्या होत्या. तिने फोन ठेवून दिला.

"बसा हो. असे उबे कित्याक?" मागून आवाज आला. संचिताची सासू यशोदा, साठीची, अंगाने काटक, हात पिठाचे. "आज आमच्याकडे म्हाळ आसा. दारात इल्लो मानूस उपाशी जावचो नाय. जेवान जावा." म्हाळाच्या दिवशी पितरांसाठी पानं वाढून बाहेर ठेवतात आणि कावळ्याने शिवल्यावर घरचे जेवतात, हे मला माहीत होतं. भटजी म्हणून दोनदा मंत्रही म्हटले होते. अंगणातल्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, केळीची पानं ओळीने मांडली होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. मी सहज विचारलं, इतकी पानं कुणाची? ती बोटांवर मोजू लागली. सासरा, सासू, दीर, नवरा. आणि शेवटची दोन बाजूबाजूला ठेवलेली पानं दाखवून तिने मान आतल्या भिंतीकडे वळवली. "आणि ती ह्या दोगांची."

मला वाटलं मी ओरडलो. पण ओरडलो नसणार, कारण ती सावकाश सांगत राहिली. "आमच्या सिद्धेशान, संचिताच्या नवऱ्यान, मुंबयसून जुनां सामान हाडल्यान. झोपाळो, समयो, आनी ही तसबीर. लोकांक जुनां घर आवाडता म्हणान. मी म्हटलंय, मेल्या, परक्याचे पितर कित्याक घरात हाडलंस? पन आता भिंतीर आसत म्हंजे आमचेच झाले. सगळ्यांका पानां वाढूची आनी ह्यांका उपाशी ठेवची? चौथां वर्स ह्यां." मी विचारलं, तुमच्या खऱ्या सासू-सासऱ्यांचा फोटो? ती हसली. "आमचे फोटो कोन काडतलो? सासू माजी माडांका पानी शिपता शिपता मेली. आता तिचां तोंड आठवूक गेलंय तर ह्याच बायेचां तोंड समोर येता." चौथं वर्ष. मी मनात हिशेब केला. सलीमा श्रावण संपता संपता गेली. म्हणजे तिच्यासाठी या गडग्यावर पहिलं पान पडलं तेव्हा तिला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. आणि त्या वेळी मी काय करत होतो, तर देवगडच्या घरात भिंतीकडे तोंड करून झोपत होतो. कावळे आले. सासऱ्याच्या पानावर एक बसला, मग दुसरा थेट माझ्या पानावर उतरला आणि माझा वडा उचलून माडावर गेला. जिवंतपणी स्वतःच्या म्हाळाला हजर राहिलेला नट मीच असेन. सलीमाच्या पानातली खीर एका कावळ्याने बराच वेळ बसून खाल्ली. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि मला त्याचा हेवा वाटला.

कारण मी तिला काहीच देऊ शकलो नाही, तीन मुठी मातीसुद्धा नाही. ती गेली त्या दिवशी मी मेलेलो होतो. मढच्या बंगल्यात शूटिंग होतं, सकाळी सहापासून मी तिरडीवर, अंगावर झेंडूचा ढीग, भोवती रडणाऱ्या बारा बायका. सगळ्यांना मी सांगितलं की माझा फोन मेकअपरूममध्ये होता. हमझालाही तेच सांगितलं, हमझा माझा मुलगा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवगडला पोचलो तेव्हा तो कबरीवर दुआ मागून कबरस्तानातून परत येत होता, नखांत अजून कालची माती. त्याने एकच विचारलं, "फोन खंय होतो, अब्बा?" मी म्हटलं, मेकअपरूममध्ये. त्याने मान हलवली. सकाळी सातला ती गेली होती, त्याने असरच्या, दुपार उतरतानाच्या नमाजापर्यंत मय्यत थांबवून धरली, लोक काय म्हणतील ते ऐकून घेतलं. विमानाने गोव्याला उतरून बांद्यावरून गाडी धावली असती तर मी पोचलो असतो. फोन मेकअपरूममध्ये नव्हता. तो माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, मांडीखाली. आवाज बंद करून ठेवलेला, पण थरथरत होता. पहिल्यांदा थरथरला तेव्हा मला वाटलं, काम द्यायला कुणीतरी असेल. दुसऱ्यांदाही तेच वाटलं. चौथ्यांदा मला कळलं की कामासाठी माणूस इतक्या वेळा फोन करत नाही. पण दोनच मिनिटांपूर्वी डायरेक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता की याच्यासारखा मरणारा माणूस आख्ख्या इंडस्ट्रीत नाही. शॉटमागून शॉट होत राहिले आणि मी हललो नाही. मधल्या वेळात फुलं विस्कटू नयेत म्हणून पडूनच राहा म्हणाले, तर पडून राहिलो. एक शब्द बोलायचा होता, तो बोललो नाही. मांडीला अकरा वेळा मुंग्या आल्या. मी एकेक मोजत होतो, आणि माझी पापणी हलली नाही.

त्यानंतर मी काम सोडलं. हमझा माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याशी बोलतो ते त्याच्या मुलीच्या, इल्माच्या तोंडून. दादाक इचार चाय व्हयी काय. दादाक सांग जेवान वाढलां. इल्मा आता सहा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने मला विचारलं, दादी कशी दिसा होती? साडेतीनशे माणसांची तोंडं मी माझ्या तोंडावर चढवली होती, पण ते एक तोंड मला सांगता येईना. गोरी होती, म्हटलं. नाक असं होतं. इल्मा कंटाळून खेळायला गेली. दारात हमझा उभा होता. "एक फोटो तरी व्हयो होतो," तो म्हणाला, मला नव्हे, दाराच्या चौकटीला. तेव्हापासून माझ्या डोक्यात ही तसबीर होती. स्टुडिओत फोन केले, कुणाला पत्ता नव्हता. आणि आता ती समोर होती. मला वाटलं, ही नेऊन त्याच्या हातात दिली की तो माझ्याशी बोलेल. एवढंच हवं होतं मला, त्याने माझ्याशी बोलायला हवं होतं.

मी जेवायला बसलो. यशोदा तिसरा वडा वाढायला वाकली तेव्हा मी म्हटलं, "यशोदाबाय, तसबिरीतली ती बाई माझी बायल." तिचा हात तसाच राहिला. "आनी हो बाजूचो?" तिने विचारलं. "हो मी." तिने पदराला हात पुसले, चष्मा लावला, मला निरखलं, मग तसबिरीला. "मिशी?" "चिकटवलेली." "अरे देवा," ती मटकन बसली, "आत्ता तुमचां पान कावळ्यान खाल्ल्यान!" आम्ही दोघंही हसलो. ते हसू मला फार वेळ पुरलं नाही. "म्हंजे तुमी जिते. आनी ही?" मी म्हटलं, गेली, तीन वर्सां झाली. "तुमी होतात मा जवळ?" जिचं माझं काही देणंघेणं नाही, जिला पुन्हा कधी भेटायचं नाही, अशी ती बाई होती. तिला तरी खरं सांगता आलं असतं. "मुंबयक होतंय," मी म्हणालो, "फोन लांब होतो." फार चांगलं बोललो. आवाजही नेमक्या जागी कापला. तिचे डोळे भरून आले आणि मला माझीच किळस आली.

"नाव काय तिचां?" तिने विचारलं. "चौथां वर्स पान ठेवतंय, पन नाव घेवक गावला नाय. नुसतां 'ह्यांका' म्हनी होतंय." मी म्हटलं, सलीमा. "सलीमा," तिने म्हणून बघितलं. मग स्टुलावर चढून तिने तसबीर उतरवली, पदराच्या टोकाने सलीमाच्या कपाळापुढच्या काचेवरचं गंध पुसलं. खालचं कुंकू तसंच राहिलं, ते फोटोतच होतं. "माका म्हायत नव्हतां हो. माफ करा," ती सलीमाला म्हणाली, मला नाही. मग तिचं लक्ष हाराकडे गेलं. जिवंत माणसाच्या तसबिरीला हार कसा ठेवायचा? पण हार एकच, दोघांवरून गेलेला. तिने थोडा विचार केला, मग चौकटीवरून तो सरकवत सरकवत सगळा सलीमाच्या बाजूला घेतला आणि दोऱ्याची गाठ मारली. माझी बाजू उघडी पडली. पगडी, मिशी, शहाण्यासारखे मिटलेले ओठ, आणि पलीकडे फुलांत ती एकटी. तीन वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की माझी बायको वारली आहे. भिंतीवर उरलेल्या चौकोनाकडे बघत यशोदा म्हणाली, "घेवन जावा. तुमची आसा. पान मी ठेवतलंय, नाव गावला आता." मी तिच्या पाया पडलो. ती दूर सरकली, मी तिच्याहून मोठा होतो.

शाहीद चाक बसवून आला. गाडीत त्याने मांडीवरची तसबीर पाहिली आणि विचारलं, "चाचा, तुमच्या पिक्चरातली काय? बाजूची बाय कोन? बरी दिसता." सलीमाने त्याला लहानपणी न्हाऊ-माखू घातलं होतं.  आचऱ्याचा पूल गेल्यावर म्हटलं, "तुझी चाची." त्याने गाडी कडेला घेतली. तसबिरीवर वाकून तिला नीट बघितलं, मग पुन्हा सुरू केली. 

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. इल्मा ओट्यावर होती. तसबीर मी तिच्यासमोर भिंतीला टेकवून उभी केली आणि म्हटलं, "ही तुझी दादी." ती गुडघ्यांवर बसून बघत राहिली. फुलं बाजूला करून तिने सलीमाचं तोंड नीट उघडं केलं. आत कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि हमझा दारात येऊन थांबला. त्याने आईला ओळखलं. कुंकू, नथ, लुगडं यांतूनही त्याला क्षण लागला नाही. त्याचा हात चौकटीवर गेला आणि तिथेच राहिला. आता बोलेल, मला वाटलं.

"दादी हसता," इल्मा म्हणाली. "आनी हो कोन?"

मी मिशीकडे, पगडीकडे बघितलं. "तो तिच्या बाजूक बसललो."

"मगे उठान खंय गेलो?"

"कामाक."

"दादी मेली तवा पन?"

"हां."

"तेका कोनी हाक नाय मारली?"

"मारली," मी म्हणालो. "तुझ्या बापान मारली. अकरा वेळा." हमझाने मान वर केली. किती वेळा फोन केला ते त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

इल्माने फुलं पुन्हा सलीमाच्या बाजूला सारखी केली. "मगे तेका आयकाक नाय इली?"

मेकअपरूम माझ्या ओठांवर आली होती. आवाज कुठे कापायचा हेही मला ठाऊक होतं. मी हमझाकडे बघितलं.

"इली," मी म्हणालो.